चहा कोणी केला?

दिवाळीचा फराळ आणि दिवाळीचा अंक ही दोन्ही आमच्या घरात एकाच सुमारास उघडतात, आणि दोन्हींवर पहिला हक्क कोणाचा यावरून होणारे भांडणही एकाच जातीचे असते. चकलीच्या डब्यावर झाकण ठेवता येते. अंकावर ठेवता येत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक तोड काढली. अंक घरात आला की पहिले चार दिवस तो कोणी एकट्याने वाचायचा नाही. रात्रीची जेवणे आटोपली की मी मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. आई पलंगावर बसते, पत्नी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायला घेते, मुलगी भिंतीला टेकून बसते, आणि धाकटे चिरंजीव ऐकत असल्याचे सोंग करतात. माझा पेशा शाळामास्तराचा. त्यामुळे मोठ्याने वाचायची मला सवय आहे आणि, खरे सांगायचे तर, हौसही आहे.

या हौसेला परंपरेचाही आधार आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या सणात अक्षरांचे एक ताट वाढले. तेव्हापासून आपले कितीतरी चांगले लेखन या दिवसांत, घरातल्या माणसांच्या गराड्यात, तेलाच्या आणि उदबत्तीच्या वासात वाचले गेले आहे. तेव्हा घर, वाचन, छंद, मुलेबाळे या रोजच्या सुखांविषयी आपल्या साहित्याने काय लिहिले आहे, याचा विचार करायचा तर त्यालाही हाच मुहूर्त बरा. मात्र हा विचार मला स्वतः होऊन सुचला नाही. तो आईच्या एका प्रश्नातून निघाला.

आईला आता अक्षर लागत नाही. त्यामुळे दिवाळी नसली तरी आमचे रात्रीचे वाचन थोडेफार चालूच असते. गेल्या पावसाळ्यात मी कपाटातून लघुनिबंधांचा एक जुना संग्रह काढला. लेखकाचे नाव सांगत नाही. कारण त्या निबंधात जे होते ते त्या काळच्या दहा संग्रहांत सापडेल. बाहेर पाऊस पडतो आहे. लेखक आरामखुर्चीत पडला आहे. हातात आवडते पुस्तक आहे. इतक्यात शेजारच्या तिवईवर वाफाळलेल्या चहाचा पेला येतो. त्या वाफेबरोबर लेखकाचे मन बालपणाकडे जाते, तिथून मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेकडे जाते, आणि शेवटी पुन्हा पेल्याकडे परतते. तोवर चहा निवलेला असतो. मी निबंध चांगला रंगून वाचला. पुस्तक मिटले तेव्हा आई म्हणाली, "छान आहे रे. पण तो चहा कोणी केला?"

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिने तो प्रश्न विनोदाने विचारलाच नव्हता. गोष्टीतले एखादे पात्र मध्येच नाहीसे झाले की वर्गातली मुले 'मग त्याचे काय झाले?' असे विचारतात ना, तितक्या सरळपणाने तिने विचारले होते. मी पान उलटून पुन्हा पाहिले. चहा कोणी केला होता, याचा त्या निबंधात कुठेही पत्ता नव्हता. चहा नुसता 'आला' होता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. समीक्षेची शास्त्रीय परिभाषा माझ्याजवळ नाही. आहे ते शाळेतले व्याकरण. पण त्या रात्री ते व्याकरणच माझ्या उपयोगी पडले. आपल्या भाषेत क्रियापदांच्या मोठ्या सोयीच्या जोड्या आहेत. दिवा लावणे आणि दिवा लागणे. भात शिजवणे आणि भात शिजणे. दूध तापवणे आणि दूध तापणे. चहा आणणे आणि चहा येणे. जोडीतल्या पहिल्या क्रियापदाला करणारे माणूस लागते. दुसऱ्याला लागत नाही. तिथे दिवाच कर्ता होतो, भातच कर्ता होतो. मुलांना मी हे सकर्मक-अकर्मकाचे प्रकरण इतकी वर्षे शिकवत आलो. पण या दुसऱ्या रांगेतल्या क्रियापदांच्या आड अख्खी माणसे लपतात, हे मला कधी दिसले नव्हते. त्या निबंधात चहा आला, दिवे लागले, ताट वाढून झाले, अंथरूण पडले. एवढ्या घडामोडी घडल्या आणि घरात लेखकाखेरीज कोणी हललेच नाही!

आता हे ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये, की मला लघुनिबंधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आहे. मी त्या निबंधांवर वाढलेला माणूस आहे. त्यांचे आपल्यावर ऋण किती आहे, हे कळण्यासाठी त्यांच्या आधी काय होते ते आठवावे लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली आणि मराठी निबंधाला आवाज सापडला. पण तो व्यासपीठावरचा आवाज होता. पुढे शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ' पत्रात तो उपरोधाने धारदार झाला. देश, भाषा, धर्म, इतिहास यांखालच्या विषयाला निबंध फारसा शिवत नसे. पायातली चप्पल, हरवलेली छत्री, शेजाऱ्याचे कुलूप, रविवारची सकाळ यांवरही पाच पाने लिहिता येतात आणि ती वाचून माणूस शहाणा होतो, हे मराठीला पटवून दिले ते ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या पिढीने. फडक्यांनी आपल्या या लेखनाला 'गुजगोष्टी' असे गोड नाव दिले. काणेकरांची 'पिकली पाने' १९३४ साली आली. खांडेकरांनी तर १९२० ते १९३८ एवढा काळ शिरोड्यासारख्या लहान गावात शाळामास्तरकी केली. मास्तराच्या आयुष्यातही लिहिण्याजोगे काही असते, हा धीर माझ्यासारख्यांना त्यांच्याकडूनच मिळाला. निबंधाला व्यासपीठावरून उतरवून ओटीवर आणून बसवणे ही काही लहान कामगिरी नव्हे.

पण ओटीपर्यंत आला तो ओटीवरच बसून राहिला. माझी तक्रार असेल तर एवढीच आहे. ओटीवरून स्वयंपाकघर दिसत नाही. तिथून येणारे आवाज तेवढे ऐकू येतात. म्हणून या निबंधांत घर येते ते बहुधा व्यत्यय म्हणून. लेखक विचारात गढलेला असताना मूल रडते, दूधवाला बिल मागतो, आतून 'पान वाढलंय' अशी हाक येते, आणि विचारांचा सुंदर धागा तुटतो. ही विनोदाची नामी युक्ती आहे आणि मीही ती वापरली आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट अशी होते, की घरातले सुख हे लेखकाला सापडलेले वाटते, कोणी केलेले वाटत नाही. ते वाटेत पडलेल्या नाण्यासारखे असते.

हा प्रश्न नीतीचा आहे तसाच कलेचाही आहे, आणि मी इथे कलेपुरतेच बोलतो. त्या काळच्या एका पेल्यात काय काय होते ते पाहा. शेगडी पेटवायची म्हणजे कोळसे रचायचे, रॉकेलचा बोळा घालायचा, पंख्याने वारा घालीत धूर डोळ्यांत घ्यायचा. घरात स्टो असला तर त्याला पंप मारायचा आणि भोक बुजले की पिन घालायची. दूध नासले नाही ना ते पाहायचे. साखर महिनाअखेरपर्यंत पुरवायची, म्हणून पाहुण्याच्या पेल्यात दोन चमचे आणि स्वतःच्या पेल्यात एक. हे सारे ज्याला ठाऊक आहे त्याला चहाच्या वाफेतून क्षणभंगुरतेपर्यंत जावे लागत नाही. महिनाअखेर, पाहुणा, मान आणि माया हे सगळे त्या चमच्यातच असते. आरामखुर्चीतल्या लेखकाने चहा करणारीला निबंधाबाहेर ठेवले, तेव्हा तिच्यावर अन्याय झाला असेल तो असो. त्याने आपल्या निबंधातला अर्धा माल गमावला, हे मात्र मी लेखक म्हणून सांगतो.

तो माल ज्यांनी गमावला नाही अशी पुस्तके आपल्याकडे आहेत, आणि ती बहुतेक वाचकांच्या घरातही आहेत.

पहिले 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. गुरुजीही अमळनेरच्या शाळेतले शिक्षक. हे पुस्तक आपण रडण्यासाठी वाचतो, असा त्याचा लौकिक झाला आहे. त्यामुळे त्यातले हातांचे काम आपल्या नजरेतून सुटते. श्याम पत्रावळ लावायला शिकतो ते प्रकरण पुन्हा वाचा. त्या घरात जेवणाचे पानसुद्धा आपोआप येत नाही. ते कोणीतरी लावावे लागते, आणि ते नीट लावता आले म्हणजे मुलाला जो आनंद होतो तो कुठल्याही आरामखुर्चीत मिळणारा नाही. सुख आणि काम यांची इथे फारकत झालेली नाही. या पुस्तकाची मर्यादा सांगायची तर ती वेगळी आहे. आई सबंध पुस्तकभर मुलाच्या डोळ्यांनी दिसते. तिचे काम दिसते, प्रेम दिसते, राग आणि दुखणेही दिसते. पण तिचा फावला वेळ फारसा दिसत नाही. मुलाला तो कुठून दिसणार? आई मोकळी असते तेव्हा मुले झोपलेली असतात.

तो फावला वेळ, ते हसणे आणि ती थट्टा पाहायची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे आत्मचरित्र म्हणजे मराठी गद्याचे एक नवल आहे. शाळेत न गेलेली बाई. तिला लिहावाचायला शिकवले ते नवऱ्याने. माहेरी सोवळ्याच्या नादाने घरादाराला दमवणारे वडील. सासरी कवी नवरा, तोही नारायण वामन टिळकांसारखा: मनाने राजा, हातात पैसा न टिकणारा, आणि लहर लागली की घर सोडून चालू लागणारा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत गेल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही तो धर्म घेतला. या सामग्रीतून कोणी दुसरा लेखक शोकांतिका रचता. लक्ष्मीबाईंनी जे लिहिले ते मी वाचायला लागलो की आमच्या घरात भाजी निवडणारे हात थांबतात आणि सगळे खदखदून हसतात.

हे हसू येते कुठून? मला वाटते, ते हिशेबातून येते. घरात किती आहे, किती लागणार आहे, आणि दारात किती माणसे उभी आहेत, हे लक्ष्मीबाईंना सतत ठाऊक असते. टिळकांचे औदार्य थोर होते, असे त्या सांगत बसत नाहीत; ते औदार्य निस्तरताना काय काय झाले ते सांगतात. त्यामुळे टिळक लहान होत नाहीत, उलट खरे होतात. त्यांच्या वाक्यांना विशेषणांचा सोस नाही. 'मला त्या वेळी धन्य वाटले' असले वाक्य सहसा नाही. कोण उठले, कोणी काय केले, कोण काय म्हणाले, एवढेच. माझ्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या घरात दिवा लागत नाही. तो कोणीतरी लावते, आणि लावताना काही फजिती झाली असेल तर तीही लक्ष्मीबाई मोकळेपणाने सांगतात. स्वतःच्या फजितीवर हसणारी ही गृहिणी देवीच्या मखरात कधी बसली नाही, म्हणूनच तिचे घर आजही नांदते वाटते.

कोणी म्हणेल, हे आत्मचरित्र झाले. लघुनिबंधाची जात निराळी. ठीक आहे. मग इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा संग्रह घ्या. तो १९४९ सालचा. इरावतीबाई जर्मनीत जाऊन डॉक्टर होऊन आलेल्या, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे संशोधन करणाऱ्या. पुढे 'युगान्त' लिहून त्यांनी सबंध महाराष्ट्राला महाभारत नव्याने वाचायला लावले. अशी विदुषी घरातल्या माणसांवर निबंध लिहायला बसते तेव्हा आरामखुर्ची आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पहिल्यांदाच पडते. संग्रहाला ज्याचे नाव दिले आहे तो लेख प्रसिद्ध आहे. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्या थोर पुरुषाची सून, अमक्याची पत्नी, अशी यादी होते. पण काहीतरी राहून गेल्यासारखे त्यांना वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी पोरांच्या घोळक्यातला एकजण दुसऱ्यांना सांगतो, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ती उणीव भरून निघते.

हा लेख मी घरात वाचला त्या रात्री वाचन बंद पडले आणि भांडण सुरू झाले. मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे एवढी शिकलेली बाई, आणि तिची ओळख पुरी कधी होते, तर कोणाची तरी आई म्हणून? मग तिचं स्वतःचं संशोधन कुठे गेलं?" पत्नीचे मत उलट पडले. ती म्हणाली, की सभेतल्या यादीतली सगळी नाती बाईंना आयती मिळालेली होती. पोराची आई होणे हे तेवढे त्यांनी स्वतः केलेले होते, म्हणून ते त्यांना गोड लागले. मी मास्तराच्या थाटात निवाडा द्यायला गेलो, पण मला तो देता आला नाही.

नंतर विचार केला तेव्हा वाटले, की मुलीच्या आक्षेपात तथ्य आहे आणि लेखिकेला तो आक्षेप ठाऊकही आहे. थोरामोठ्यांनी केलेली ओळख आणि पोरांनी केलेली ओळख यांची गाठ त्यांनी गमतीने घातली आहे. तिथे विद्येचा मान आणि नात्याचा मान दोन्ही एकाच वेळी किंचित हास्यास्पद होतात. तरीही त्या लेखात संशोधनाच्या सुखाला जागा कमी आहे, हे कबूल केले पाहिजे. चांगल्या लेखाविषयी घरात असे दोन पक्ष पडावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासतानाही ते मिटू नयेत, यापरते वाचनाचे सुख मला माहीत नाही. एकट्याने मुकाट वाचणाऱ्याला ते मिळत नाही.

आणखी दोन पुस्तकांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुढे नेता येणार नाही. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. तिने आपल्याला चाळीतल्या गर्दीत, अडचणीत, शेजारधर्मात सुख पाहायला शिकवले. सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० सालचे. ज्या घरातून महाराष्ट्राला इतके हसू मिळाले त्या घराकडे तिथल्याच दुसऱ्या माणसाने पाहिलेले, असे हे पुस्तक. ते आले तेव्हा काही वाचक दुखावले. आपल्या लाडक्या लेखकाचे घर आपल्याला ओटीवरून ठाऊक होते; ते आतून दिसले तेव्हा त्यांना अवघडल्यासारखे झाले. मला विचाराल तर ही दोन पुस्तके फळीवर शेजारी शेजारी ठेवावीत. दुसऱ्याने पहिल्याचे हसू काही हिरावून घेतलेले नाही. ते हसू कोणाच्या शिस्तीवर, कोणाच्या जागरणावर उभे होते, एवढे त्याने दाखवले. आणि ते कळल्यावर मला तरी चाळ पुन्हा वाचताना जास्तच गोड लागली.

इथवर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत चहा शोधत आलो. आता माझ्या पुस्तकाकडे वळणे भाग आहे. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतली एक आमच्यासारख्याच एका कुटुंबाची आहे, आणि तिच्यातले घर फार जिव्हाळ्याने रंगवले आहे, असे मला अनेकांनी सांगितले. आईच्या त्या प्रश्नानंतर एका रविवारी मी पेन्सिल घेऊन ती कादंबरी वाचायला बसलो. तिच्यात चहा सतरा वेळा येतो. करते कोणी, हे दोनदाच सांगितले आहे. आणि त्या दोन्ही वेळा चहा बिघडलेला आहे! ही कादंबरी मी ज्या खोलीत लिहिली तिच्या दारापाशी तिन्हीसांजेला मुलांना कोणीतरी 'हळू बोला' म्हणत होते. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षराची मुद्रकासाठी नीट प्रत कोणीतरी करीत होते. प्रत करताना ते सतरा चहा पत्नीच्या हाताखालून गेले. तिला ते दिसले नसतील असे मला वाटत नाही. तिने काही म्हटले नाही, आणि मीही कधी विचारले नाही, की तुला माझे पुस्तक वाचून काय वाटले. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या विचारल्या.

त्याच आठवड्यात मला घरातले आणखी एक पुस्तक सापडले. सापडले म्हणजे ते हरवलेले नव्हते. ते स्वयंपाकघरात असल्यामुळे मी त्याला पुस्तक समजत नव्हतो. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली, आणि वाटी-चमच्याच्या सोप्या प्रमाणामुळे ती घरोघर पोचली. आमची प्रत आईची. कव्हर निघालेले, पानांना तेलाचे डाग. मी ते सहज चाळले आणि पाहतो तो समासात लेखन! शिसपेन्सिलीने आईचे आणि निळ्या शाईने पत्नीचे. 'गूळ थोडा कमी चालेल.' 'पाहुणे आठ, पुरले.' 'धाकट्याच्या तापानंतर केले, दोन घास खाल्ले.' 'यांना आवडले नाही. पुन्हा करणे.' एका पानावर आईने लिहिले होते, 'मोहन जास्त झाले, चकल्या विरघळल्या'; त्याखाली कितीतरी वर्षांनी निळ्या शाईत, 'माझ्याही.'

त्या एका शब्दावर मी बराच वेळ थांबलो. सासूसुनेच्या नात्यावर मराठीत केवढे लेखन झाले आहे, त्यात माझ्याही दोन कादंबऱ्या आहेत. पण एका बिघडलेल्या घाण्यावर दोघींचे जे एकमत या समासात झाले होते, ते मला कधी लिहिता आले नव्हते. आमच्या घराच्या चाळीस वर्षांचा सुखाचा इतिहास त्या समासात होता: कोण आजारी पडले, कोण पाहुणे आले, कोणाला काय आवडले. त्यात प्रत्येक गोष्ट कोणीतरी केलेली होती. आणि तो छंदही होता. नुसती पाककृती हवी असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मी बाहेरच्या खोलीत कादंबऱ्या लिहीत होतो, आणि आत दोन लेखिका, कोणाला न दाखवता, आपले पुस्तक पुढे नेत होत्या.

तेव्हा वाचकहो, या टीकालेखाचा मुद्दा थोडक्यात असा. घरगुती सुखाचे साहित्य आपल्याकडे विपुल आहे आणि ते असावे. देशावर आणि धर्मावर लिहिण्याइतकेच रविवारच्या सकाळीवर लिहिणे अगत्याचे आहे. पण ते चांगले की बेताचे, हे पारखायला मला आता आईच्या प्रश्नाहून बरी कसोटी दिसत नाही. एखाद्या लेखात सुखाचे वर्णन आले, की त्यातली क्रियापदे पाहावीत. दिवे लागत असतील, चहा येत असेल, ताटे वाढली जात असतील, तर तो लेख गोड असूनही अपुरा आहे असे समजावे. लेखकाला बोल लावण्यासाठी नव्हे. राहून गेलेला भाग आपण मनाने भरून काढावा म्हणून. हाच अंक हातात असताना तुम्ही ही कसोटी लावून पाहा. माझ्या कथेलाही लावा. मी रागावणार नाही. रागावण्याचा मला अधिकार राहिलेला नाही.

आमच्या घरात या साऱ्याचा परिणाम एवढाच झाला, की वाचनाची व्यवस्था थोडी बदलली. आता आठवड्यातून एखाद्या रात्री पत्नी वाचते आणि मेथीची जुडी माझ्याकडे येते. तिचा आवाज हळू आहे, पण ती माझ्यासारखे नाटकी वाचत नाही, त्यामुळे वाक्य स्वतःच्या पायांवर उभे आहे की नाही ते चटकन कळते. मेथी निवडता निवडता ऐकताना मला एक गोष्ट समजली. लांबलचक, आडवळणाचे वाक्य हात कामात असणाऱ्याच्या कानातून निसटते. आखूड, नेमके वाक्य राहते. लक्ष्मीबाई पहिल्या ऐकण्यातच का कळतात, आणि माझ्या कादंबरीतली काही पाने ऐकताना पत्नी पूर्वी उठून दुधाकडे का जात असे, या दोन्हींचे उत्तर त्या जुडीत मिळाले.

आणि रविवारचा दुपारचा चहा मी करतो. पहिल्या दिवशी मी पुस्तक हातात घेऊनच गॅसपाशी उभा राहिलो, आणि दूध उतू गेले. दुसऱ्या खेपेला पुस्तक बाहेर ठेवले. कपबशा घेऊन बाहेर आलो तेव्हा मुलगी आईला काहीतरी वाचून दाखवीत होती. आईने घोट घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "साखर जास्त झालीय रे."

पण चहा कोणी केला, हे या वेळी तिने विचारले नाही.